एका पेटीत किती सिगारेटी मावतात

‘एक कशाला नाना, दोन पेट्या घ्या की!’ असं मी धुळ्याला भरल्या बैठकीत बोललो आणि वर मोठ्यानं हसलोही. माझ्या थोरल्या मुलीची सुपारी फुटत होती. चार पाहुणे साक्षीला बसले होते. त्यांनी माना डोलावल्या, सुपारीवर बत्ता पडला, साखर वाटली गेली, आणि आपण काय बोलून बसलो हे कळायला मला जळगावपर्यंत यावं लागलं.

नानांचं, म्हणजे आमच्या होणाऱ्या व्याह्यांचं, धुळ्याला दुकान होतं. किराणा, तंबाखू, विडी-सिगारेट. ‘हुंडा आम्हाला नको, गुरुजी,’ असं म्हणून त्यांनी आधी बैठकीवरून एकदा नजर फिरवली. सगळ्यांनी ऐकलं याची खात्री झाल्यावर पुढचं वाक्य आलं, ‘वऱ्हाडासाठी सिगारेटची एक पेटी तेवढी द्या. बस्स.’

मी शाळामास्तर. सिगारेट जन्मात एकदाच ओढली, ती ओठाला चिकटली आणि कातडं घेऊन निघाली. आमच्या घरात पेटी म्हणजे आगपेटी, नाहीतर भजनाला वाजते ती. सिगारेटची पेटी म्हणजे आगपेटीची थोरली बहीण असणार, असा माझा हिशेब. हुंडा न घेणारा देवमाणूस चार आण्यांची हौस सांगतोय, मग आपण का मागे राहावं? सुटली जीभ.

जळगावच्या बाजारात घाऊक व्यापाऱ्याकडे गेलो आणि रुबाबात म्हणालो, ‘दोन पेट्या सिगारेट द्या.’

त्यानं माझ्या धोतराकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं. ‘गाडी कुठे उभी केली?’

‘गाडी कशाला?’

‘मग काय डोक्यावर नेता?’ त्यानं मागच्या अंधाराकडे बोट केलं. तिथं लोखंडी पट्ट्या ठोकलेलं एक लाकडी धूड पडलं होतं. एक म्हातारा हमाल त्याच्यावर पाय पसरून निजला होता. ‘ही पेटी. दहा सिगारेटींचं पाकीट. वीस पाकिटांचा पुडा. पंचवीस पुड्यांची पेटी. लढाई चालू आहे मास्तर, माल सगळा पलटणीत जातो. पाकीट चार आण्यांच्या खाली पडणार नाही. घ्यायची तर घ्या, नाहीतर उजेड सोडा.’

मी उजेड सोडला. वाटेवर गुणाकार केला. मुलांना पाढे चुकले म्हणून छड्या मारणारा मी, मला ते उत्तर तीनदा तपासून पाहावंसं वाटलं. दोन पेट्यांचे अडीचशे रुपये. माझा अर्ध्या वर्षाचा पगार. मुलीच्या अंगावर घालायचं ठरलेलं सोनंसुद्धा एवढ्याचं नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा बायको परातीत पीठ मळत होती. तिनं पीठ आपटलं. मुलगी चोळी शिवत बसली होती, ती मात्र मान वर न करता म्हणाली, ‘आबा, मलाही त्याच पेटीत घालून पाठवा. मोटारीचं भाडं वाचेल.’ त्या थट्टेला मी हसलो नाही. सुपारी फुटलेली मुलगी घरात राहिली तर गावाच्या जिभेला काय खाद्य मिळतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तडजोड करू म्हणून एक पुडा विकत घेतला आणि पेट्रोलच्या टंचाईत कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं खोकत-ढकलत धुळ्याला गेलो. व्याही गल्ल्यावर होते. समोर एक गिऱ्हाईक सिगारेट मागत होतं आणि हे बैठकीतली भाषा सोडून त्याला अहिराणीत समजावत होते, ‘आज नही शे भाऊ. पुढला हप्ताम्हा ये, माल येई राह्यना.’ फळी रिकामी होती.

मी पुडा पुढे ठेवला. त्यांनी तो तळहातावर वांग्यासारखा तोलला.

‘हाई काय शे?’

‘पुडा. वीस पाकिटं. वऱ्हाडाला पुरून उरेल, नाना.’

‘माले नका शिकाडू. बठ्ठास्ना म्होरे दोन पेट्यास्ना शबद दिन्हा शे तुम्हीन.’

‘सगळ्यांसमोर दिला खरा, पण मला पेटी म्हणजे पाकीट वाटलं हो.’

‘वा गुरुजी! पोरेस्ले काय शिकाडतस मंग?’ दुकानात बसलेले दोघे खिदळले.

आतून विहीणबाईंचा आवाज आला, ‘पोरगी बी दाखाडी ती एक, आन् धाडतीन दुसरी!’

माझे कान तापले. तरी मी गिळलं. मुलीचा बाप होतो. म्हणालो, ‘नाना, लग्नापर्यंत थोडी थोडी जमवतो.’

‘लगनले टाइम शे. पेट्या माले ह्याच हप्ताम्हा पाहिजेत.’

ह्याच हप्त्यात. आणि आत्ता ते गिऱ्हाईक काय ऐकून गेलं? पुढल्या हप्त्यात ये. पाढे चुकणाऱ्या पोराला अचानक उत्तर सुचावं तसं झालं मला.

‘नाना,’ मी म्हणालो, आणि आवाज माझाच का ते मला कळेना, ‘वऱ्हाड निघायला दोन महिने आहेत. सिगारेटी काय लोणच्यासारख्या मुरवायच्या आहेत? वऱ्हाडाचं नाव नका घेऊ. तुमची फळी भरायची आहे, माझ्या पगारानं! त्यापेक्षा हुंडा मागायचा होता उघड्या तोंडानं, निदान चोराला चोर तरी म्हणता आलं असतं.’

व्याही उभे राहिले. ‘सुपारी फुटेल पोरगीले आते कोन करी? जा, ठेवा घरम्हा!’

‘ठेवीन. तुमच्या फळीवर मांडायला नाही वाढवली.’

पुडा उचलला आणि बाहेर पडलो. मागून शिव्या आल्या, माझ्याही तोंडात दोन तयार होत्या, पण मास्तरकी आडवी आली. पारोळ्याच्या अलीकडे मोटार बंद पडली. ढकलता ढकलता मी बायकोला कसं सांगायचं ते घोकत होतो. एकदा वाटलं, व्याहीच सोयरीक मोडून बसले असं सांगावं. एकदा वाटलं, परत फिरावं, पाय धरावेत, जमीन गहाण टाकून पेट्या आणाव्यात.

घरी पोचलो तेव्हा सगळं एका दमात सांगून टाकलं आणि खाली बघत उभा राहिलो. बायको माहेरची जळगावजवळच्या असोद्याची. रागाचं असो की आनंदाचं, तिचं खरं बोलणं तिकडच्या बोलीतच निघतं.

‘तुम्ही? त्याच्या दुकानात? तोंडावर?’ तिनं विचारलं. मी मान डोलावली. तिनं पदराला हात पुसले, माझ्यापुढे पाट सरकवला आणि आत हाक मारली, ‘अवं पोरी, ठेव ते शिवणं, इकडे ये. तुझे आबा भांडून आले! बसा तुम्ही. आता पहिल्यापासून सांगा. पोरीले ऐकू द्या.’