मोटारीच्या नळीतला बोळा

भूकंपानंतर दोन वर्षं आम्ही लातूरजवळ पत्र्याच्या शेडमध्ये काढली. तिथं मी एकच विद्या शिकले. भोक दिसलं की चिंधी कोंबायची. वारा, विंचू, उंदीर, सगळ्यांवर तोच इलाज. पुढं नांदेडला पक्कं घर झालं, तरी हात काही सुधारला नाही.

लेक क्लाससाठी लातूरला राहायला गेली, तेव्हा आमच्या ह्यांनी हैदराबादहून एक जुनी परदेशी मोटार आणली. दर रविवारी डबा घेऊन तिला भेटायला जायचं ते त्या मोटारीनंच. यष्टीनं मी एकदाच गेले होते. लातूरला उतरायचंय हे कंडक्टरला सांगायची लाज वाटली आणि लातूर मागं टाकून पुढं औशाला पोचले. डबा तिथल्या स्टँडवर मीच खाल्ला.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मोटार धुराच्या तपासणीत दोनदा नापास झाली. मी चौथीतच शाळा सोडली, पण नापास कधी झाले नव्हते. मला तिची कीव आली.

गल्लीतले म्हातारे मिस्त्री सकाळी इंजिन थंड असतानाच बघायला आले. मी दाराच्या पडद्याआड. ते ह्यांना समजावत होते, की या मोटारीत पट्ट्यावर फिरणारा एक छोटा पंप आहे. तो बाहेरची हवा ओढून धुराच्या नळीत सोडतो, म्हणजे अर्धवट जळालेला धूर तिथंच जळून जातो. मी मनात म्हटलं, एवढंच ना, ही तर फुंकणी झाली. मिस्त्रींनी पंपातून निघणारी नळी सोडवली, गाडी चालू करायला सांगितली आणि पुढं तळहात धरला. पट्टा फिरत होता.

"वारा न्हाई," ते म्हणाले. पंप गेला, आणि असला पंप इकडं मिळायचा नाही.

"मग इकून टाकू," हे म्हणाले. "रविवारी यष्टीनं जात जा."

औशाचा स्टँड डोळ्यापुढं आला आणि त्यासोबत सगळं आठवलं. दसऱ्याच्या पूजेआधी मोटार मीच धुतली होती. बॉनेटखाली एका काळ्या नळीचं तोंड उघडं दिसलं. पाणी जाईल म्हणून बोळा कोंबला, वर कुंकू लावलं, हार घातला आणि विसरले.

आता हे सांगायचं कसं? मी चहा घेऊन गेले आणि तशीच परत आले. दुसऱ्यांदा गेले, तरी तेच. तिसऱ्या कपाला मिस्त्री म्हणाले, "बास भाभी, आता मलाच धूर यील."

मी कपाकडं बघत म्हटलं, "त्या काळ्या नळीत बोळा हाय. म्या कोंबलाय."

पंप हवा ओढतो ती नळी नेमकी तीच निघाली. मिस्त्रींनी चिमट्यानं बोळा ओढायला सुरुवात केली. पिवळ्या फुलांचं कापड निघायला लागलं आणि निघतच राहिलं. माझा जुना परकर होता तो. मिस्त्री भले माणूस, लिंबाच्या झाडाकडं बघत ओढत राहिले. हे म्हणाले, "आगं, हा तर तुझा..." आणि तेही लिंबाकडं बघायला लागले.

गाडी पुन्हा चालू केली. "भाभी, हात धरा," मिस्त्री म्हणाले. तळहातावर फुर्रकन वारा लागला.

तिसऱ्या खेपेला मोटार पास झाली. रविवारी आम्ही लातूरच्या वाटेला लागलो. लोहा गाव मागं पडल्यावर हे हळूच म्हणाले, "अजून कुठं कोंबलंय का?"

"न्हाई," मी म्हटलं.

मागच्या दाराच्या फटीत एक होता. पण डबा मांडीवर होता, लातूर अजून लांब होतं, आणि एका आठवड्यात दोनदा बोलण्याइतकी मी धीट नाही.