चवरीवालीचा खांदा

‘वस्तूंना हात लावू नये’ या पाटीच्या बरोबर खाली उभी राहून ती हात लावायची. चप्पल दाराशी काढलेली, पदर कमरेला खोचलेला आणि उजवा तळवा दगडी बाईच्या डाव्या खांद्यावर. मग माझ्याकडे वळून दरवेळी तेच म्हणायची, “ह्यो घाव माझा हाय, बाबू. खोटं कामून लिवलाव?”

मी तिला मावशी म्हणायचो. नात्याची नव्हती. लातूर जिल्ह्यातल्या एका लहानशा संग्रहालयात मी कारकून होतो आणि ती देवणीकडच्या खेड्यातली, बौद्ध घरातली मजूर बाई. वर्षातून दोन-तीनदा एसटीने यायची. तुम्ही-आम्ही संग्रहालयात बघायला जातो. मावशी भांडायला यायची.

भांडण एका पाटीवरून होतं. पहिल्याच दालनात चवरी धरलेली काळ्या दगडाची बाई उभी आहे. तिच्या डाव्या खांद्याचा टवका उडालेला. सगळं अंग काळं गुळगुळीत आणि तेवढी दोन-तीन बोटं जागा राखेच्या रंगाची. खाली लिहिलेलं, ‘चामरधारिणी. परकीय आक्रमणात भग्न.’

खरं काय घडलं ते मावशीनं मला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथं होतो असं वाटतं. मोठ्या दुष्काळात त्यांच्या गावाला पाझर तलावाचं काम निघालं. कामावर वाटलेली मूठभर सुकडी खाऊन बायामाणसं दिवसभर खांदत होती. मावशीची कुदळ खण्णकन वाजली. तिनं हातानं माती उकरली तर दगडी चेहरा वर आला. “मला वाटलं, कुणी बाईमाणूसच गाडलंय,” ती सांगायची. “त्वांडावरची माती म्या पदरानं पुसली.” तेवढ्यात मुकादम ओरडला, देवी निघाली! लोक जमले, नारळ आला. आणि जिनं ती बाहेर काढली तिलाच सांगण्यात आलं, “सर मागं, शिवू नको.” हे सांगताना मावशीचा आवाज चढायचा. लिहिताना माझाही चढतो आहे.

पुढे उस्मानाबादेतून तुटून लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला इतिहास हवा होता, तोही आठ दिवसांत, कारण संग्रहालयाच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. गावोगावच्या मूर्ती गोळा झाल्या, त्यात ही चवरीवालीही आली. आमच्या साहेबांनी कुठंही न जाता, कुणालाही न विचारता, चहा पीत पाट्या सांगितल्या. माझं अक्षर चांगलं म्हणून मी त्या लिहिल्या. “साहेब, टवका ताजा दिसतोय,” एवढं मी बोललो होतो.

“लोकांना असंच आवडतं. लिही,” ते म्हणाले. मी लिहिलं.

आणि लोकांना खरंच आवडायचं. शाळांच्या सहली यायच्या, मास्तर पाटी मोठ्यानं वाचायचे, पोरं दातओठ खायची. एकदा मावशी अशा सहलीत घुसली. “आरं, घोड्यावरनं कुणी आलं न्हवतं! म्या फोडलंय ते. उपाशी पोटी खांदत होतो आमी!” मास्तरांनी पोरं घाईघाईनं पुढच्या दालनात नेली.

“मावशी, पाटीवर तुमचं नाव पाहिजे का?” मी विचारलं.

“नाव काय करू घिऊन? दुस्काळात आमी खांदलो तवा ही निघाली, यवढं लिवा. आन् मेलेल्या माणसांवर आळ घालू नका.”

तिचा अर्ज मीच लिहून दिला. साहेबांनी शेरा मारला, ‘पुरावा सादर करावा.’

मावशीनं केला सादर. भर दुपारी कुदळ घेऊनच आली. मूर्ती निघाली त्या दिवशी कुदळीचं टोक दगडावर बसून वाकलं होतं. ते लोहाराकडून सरळ करून न घेता तिनं कुदळ माळ्यावर टाकून दिली होती. पहारेकरी अडवत राहिला, ती थेट चवरीवालीपाशी गेली. निजलेल्या लेकराला हात लावावा तसं हळूच तिनं ते वाकडं टोक खांद्याच्या खाचेत ठेवलं. नेमकं बसलं. मी पाहिलं, पहारेकऱ्यानं पाहिलं, आवाज ऐकून बाहेर आलेल्या साहेबांनीही पाहिलं.

“म्हणजे सरकारी मूर्ती तू फोडलीस,” साहेब म्हणाले. “देऊ का पोलिसांत?”

“द्या की,” मावशी म्हणाली. “त्या कागदावर तरी खरं लिवाल.”

साहेब आत गेले. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. साक्षीला मीच होतो. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, साहेब, बाई खरं सांगते. मी टेबलावरचं रजिस्टर उघडून बसलो. नोकरी, बायको, पोरं, सगळी कारणं माझ्याकडे होती. त्यातलं एकही आज तोंडावर आणायची मला लाज वाटते. साहेबांचा राग येतो, पण माझा स्वतःचा जास्त येतो.

त्यानंतर ती आली नाही. दोन उन्हाळ्यांनी तिचा मुलगा बसस्टँडवर भेटला. म्हणाला, “आई गेली. कुदळ सांभाळून ठिवा म्हणली.”

दुसऱ्या दिवशी मी नवी पाटी लिहून लावली. ‘दुष्काळी कामावर मजुरांना सापडली. खांद्यावर कुदळीचा घाव.’ संध्याकाळच्या आत साहेबांनी ती काढायला लावली. पहारेकऱ्यानं जुनी पाटी फडक्यानं पुसून पुन्हा जागेवर लावली आणि मी बघत राहिलो.

साहेब गेले, मी निवृत्त झालो. परवा सहज जाऊन आलो. चवरीवाली आहे तशीच उभी आहे. तुम्ही कधी गेलात तर खालची पाटी जरूर वाचा. अक्षर वळणदार आहे, शाई अजून फिकी पडलेली नाही. ते अक्षर माझं आहे.