आधी सफाई, मग पाय

परमेश्वराने हे जग घडवलं खरं, पण झाडायचं राहून गेलं आणि तेवढं उरलेलं काम आपल्या अंगावर टाकलं, अशी मनापासून खात्री असलेला एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला. सत्तर सालानंतरचे ते दिवस. सांगलीच्या एका कॉलेजात मला नोकरी लागली आणि विश्रामबागेत भाड्याची खोली मिळाली. शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहत. मूळचे कडेगावकडचे. पांढऱ्या मिशा, पुढे काढलेली छाती, अंगात खाकी सदरा आणि हातात खराटा. मी वळकटी घेऊन खोलीशी पोचलो तर हे माझ्याच खोलीतून धुरळा उडवत म्हणाले, "मास्तर, भायेरच थांबा. तुमची खोली ऱ्हान्याजोगी झाली की हाळी देतो." ती हाळी यायला दुपार झाली. तोवर मी शेजारच्या अंगणात त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, दिलेला चहा पीत बसलो होतो.

सुभेदार खराट्याशिवाय कुठे गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एस्टीत शिरले की आधी आपली जागा झटकत, मग पुढच्याची, मग मागच्याची, आणि कंडक्टर तिकिटं देत निघाला की त्याच्या मागोमाग हे शेंगांची टरफलं लोटत निघत. सिनेमाला गेले तर मध्यंतरात लोक चहाला उठत आणि हे खुर्च्यांखाली वाकत. लग्नात पहिली पंगत उठायची खोटी, यजमानाच्या आधी हे हजर. एकदा काकींच्या माहेरी, मेढ्याला निघाले असताना साताऱ्याच्या स्टँडवर गाडीला उशीर होता. सुभेदारांनी फलाटच झाडायला घेतला. खाकी सदरा बघून एका म्हातारीने विचारलं, "आवं, मेढ्याची गाडी कवा सुटंल?" सुभेदार मान वर न करता म्हणाले, "एवढा कोपरा झाला की सोडतो." योगायोग असा की कोपरा झाला आणि गाडी लागली. म्हातारीने त्यांना हात जोडले आणि सुभेदारांनीही तो नमस्कार साहेबासारखा स्वीकारला. काकी हे सांगताना पदर तोंडाला लावून हसत.

काकींचं मात्र एक दुखणं होतं. त्यांचा जन्म डोंगरात गेला. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत सुभेदार फौजेच्या बोटीचं वर्णन करता करता बोलून गेले होते की, तुला एकदा समुद्र दाखवतो. त्यानंतर किती सुट्ट्या आल्या आणि गेल्या. कधी दिराचं लग्न निघे, कधी विहिरीचं काम, कधी उसाची तोड. काकींनी आठवण केली की उत्तर ठरलेलं, "समुद्र काय पळून जातोय व्हय?" काकी मला म्हणायच्या, "त्यो न्हाई पळत, मास्तर. पर माझं गुडघं पळून चाललं की." हे त्या हसतच सांगत, पण मला ऐकायला जड जाई.

दर रविवारी कृष्णेचा घाट झाडायला सुभेदार गल्लीतल्या लोकांना घेऊन जात. घेऊन जात म्हणजे उचलून नेत. एकदा रत्नागिरीकडचा त्यांचा एक फौजी दोस्त मुक्कामाला आला आणि बोलता बोलता म्हणाला, की आमच्याकडे जत्रा झाली की किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते; पत्रावळी, फुटक्या बाटल्या, चिंध्या, सगळं तिथेच. सुभेदारांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "ही सगळी आपलीच घान," ते म्हणाले. "आपन कृष्णेत टाकतो, ती बिचारी समुद्रात न्हेऊन टाकती. म्हंजे झाडायचं कुनी? आपन!" दुसऱ्या दिवशी अंगणात सभा भरली. फौजेत व्हालंटियर म्हणजे हात वर करणारा नव्हे, हात खाली ठेवायला विसरलेला, ही त्यांची व्याख्या मला माहीत नव्हती. मी मान खाजवत होतो. माझी निवड झाली. दारातून काकींनी हळूच विचारलं, "मी येऊ?" सुभेदार म्हणाले, "व्हालंटियर म्हनून चल." काकींनी त्याच संध्याकाळी ठेवणीतलं लुगडं काढून पेटीतला वास जावा म्हणून दोरीवर टाकलं.

आमच्या गल्लीत एक जैन अडते होते. त्यांचा गुळाचा ट्रक रत्नागिरीला जायचा होता. त्यांनी आम्हा सगळ्यांना फुकट न्यायचं कबूल केलं आणि स्वतःही निघाले. अट एकच, की दुपारी परत फिरायचं, कारण दिवस मावळायच्या आत मलकापुरात आपल्या पाहुण्यांकडे त्यांना जेवायचं होतं. आंबा घाट उतरताना, गुळाच्या ढेपांवर बसून, माझ्या तोंडून नको ते निघालं. म्हटलं, "सुभेदार, कृष्णा या समुद्राला मिळतच नाही. ती पार तिकडे, आंध्रात मिळते." सुभेदार बराच वेळ मिशी चावत राहिले. मग म्हणाले, "ह्या समुद्राच्या आन् त्या समुद्राच्या मदी भित्त हाय का?" मी म्हटलं, "भिंत नाही." "मग झालं की!" असं म्हणून त्यांनी खराट्याची दोरी घट्ट आवळली.

गावात गूळ उतरवून ट्रक किनाऱ्यावर आला. काकी ट्रकमधून उतरल्या आणि वडीलधारं कुणी समोर यावं तसा त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. "बया, केवडा ह्यो!" एवढंच म्हणाल्या. मग वाकून चपला काढल्या आणि पाऊल उचललं, तोच मागून आवाज आला, "थांब! आदी सफाई, मग पाय!" सुभेदारांच्या लेखी यात कठोर काही नव्हतं. न झाडलेल्या जागेवर ते देवालाही बसू देत नसत. काकी चपला हातात धरून कोरड्या वाळूत उभ्या राहिल्या आणि आम्ही कामाला लागलो. अडत्यांना वाळूत बारीक खेकडे दिसले तेव्हा त्यांनी आपला खराटा अलगद खाली ठेवला आणि त्यांची बदली पाणी वाटण्यावर झाली. उन्हं डोक्यावर आली तोवर किनारा लख्ख झाला होता. जमवलेल्या घाणीचा ढीग सुभेदारांनी पाण्याच्या कडेच्या ओल्या, घट्ट वाळूवर रचला. जागा सपाट म्हणून. त्याच्या कडा चौकोनी केल्या आणि आम्ही सुरूच्या झाडांखाली भाकरी खायला गेलो. भाकरी खाऊन ढीग ट्रकात भरायचा, मग काकींचे पाय, असा बेत होता.

आमची सगळ्यांची पाण्याची अक्कल कृष्णेवर घडलेली. कृष्णा चढते ती पावसाळ्यात आणि चढायच्या आधी चार दिवस गावात तिचीच चर्चा असते. समुद्र न सांगता रोजच चढतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. हात धुऊन आलो तर ढीग जागेवर नाही. पाणी वर आलं होतं आणि आमच्या पत्रावळी, चिंध्या, करवंट्या लाटांवर हेलकावत पुन्हा साऱ्या किनाऱ्यावर पसरत होत्या. "आरं, ह्यो तर गनिमी कावा!" सुभेदार ओरडले आणि खराटा घेऊन धावले. एक पत्रावळ बाहेर काढावी तर दोन आत येत. तेवढ्यात ट्रकचा भोंगा वाजला. निघायची वेळ झाली होती.

काकींनी हातातल्या चपला खाली टाकल्या आणि त्यात पाय घालत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. बगितला की समुद्र. चला."

सुभेदार थांबले. किनाऱ्याकडे बघितलं, मग काकींच्या पायांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच गोंधळ पाहिला. मग त्यांनी अख्खा किनारा सोडून दिला. काकींच्या पायापासून सरळ पाण्यापर्यंत, एका माणसाला चालता येईल एवढीच पट्टी झाडून काढली, बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरले आणि खराटा आडवा धरून उभे राहिले. "ये. आता ये," ते म्हणाले. काकी चपला तिथेच टाकून गेल्या. लुगडं जरासं वर धरलं आणि पहिली लाट पायांवर आली तशा लहान पोरीसारख्या खदखदून हसल्या. सुभेदार येणाऱ्या प्रत्येक पत्रावळीला खराट्याने मागे लोटत होते, "हट! मागं! तिकडं हो!" ड्रायव्हर पुन्हा भोंगा वाजवायला गेला तर अडत्यांनी त्याचा हात धरला. "थांब रं गड्या," ते म्हणाले. "माझा आज उपास." हे बघताना माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही.

सांगलीला पोचल्यावर काकींनी घरात शिरण्याआधी पायरीवर लुगड्याचा घोळ झटकला. चिमूटभर वाळू पडली. सकाळी नेहमीप्रमाणे खराट्याच्या आवाजाने मला जाग आली. तो आवाज पायरीपाशी आला, थांबला आणि वळसा घालून पुढे गेला. मी बाहेर येऊन म्हटलं, "सुभेदार, तेवढं राहिलं बघा." ते म्हणाले, "मास्तर, त्यो केर न्हाई."

पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. मागे एकदा त्यांना भेटायला गेलो. सुभेदारांचे हात आता थरथरतात, म्हणून ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि काकी झाडत होत्या. "ती काडी ऱ्हायली. तुळशीमागं बघ. पिंपळाचं पान दिसंना व्हय तुला?" असा हुकूम चालला होता. काकी झाडत झाडत पायरीपाशी आल्या, तिथे त्यांनी खराटा वळवला आणि कोपरा तसाच सोडून पुढे गेल्या. मी वाकून पाहिलं. वाळू काही मला दिसली नाही. "आता फाटकाकडं बघ," सुभेदार म्हणाले.