शेळीचा पाचवा पाय

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी महादेवपुऱ्यात ऑफिसात होते. तिचा मुलगा रघूअण्णा एवढंच म्हणाला, "जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही गं." शहराच्या दुसऱ्या टोकाला, चामराजपेटला घरी पोचायला दोन तास लागले. एवढा वेळ माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती... शेळीचा पाय. माणूस गेल्यावर हे आठवावं याची लाज वाटते. पण सहा आठवडे झाले, तो पाय डोक्यातून जात नाही.

अक्का माझी घरमालकीण. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिलाईकाम. घरात मराठी, दुकानात कन्नड. मी लहानशा तालुक्याच्या गावातली, घरातली पहिली पदवीधर. त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायला आले तेव्हा मुलाखतीसाठी आणलेला कुर्ता माझ्या अंगावर लोंबत होता. अक्कानं तो काढून घेतला आणि तासाभरात मापाचा करून दिला. त्या कुर्त्यात मला नोकरी लागली. काम काय, तर दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. पुढे अक्काला सुईचं नेढं दिसेनासं झालं, तेव्हा दर रविवारी सकाळी मी तिला दहा सुया ओवून द्यायला लागले. तिचे उपकार फेडायचे म्हणजे आणखी काय करणार होते मी?

मागच्या वर्षी बनशंकरीतल्या गोधडी करणाऱ्या बायकांच्या गटानं एक आव्हान ठेवलं. हातभर गोधडी, फक्त चिंध्यांची, आणि तिच्यावर एक खट्याळ जनावर. मी न विचारताच अक्काचं नाव दिलं. ती आधी चिडली, मग ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांचं गाठोडं सोडून बसली. "जन्मभर लोकांच्या मापानं शिवलं. हे बिनमापाचं," म्हणाली. तिनं शेळी केली. कान मखमलीचे, तोंडात अर्धी खाल्लेली मापाची टेप. आणि पाय पाच. पाचवा पिवळ्या खणाचा.

"अक्का, पाय पाच झालेत."

"मोजलेस होय? ती चालत्येय गं. चालत्या शेळीचे पाय मोजता येतात काय?"

"बघणारे म्हणतील, चुकलं."

"म्हणू देत. त्यांना काय शेळीची चोळी शिवायची आहे?"

मी हसले, पण मनात ते खुपत राहिलं. माझ्या शाळेत खाडाखोड नसलेली वही बाई वर्गभर फिरवून दाखवायच्या, आणि ती बहुतेक वेळा माझी असायची. गोधडी द्यायच्या दिवशी अक्का देवळात गेली आणि मी तो पाचवा पाय उसवला. तिनंच शिकवलं होतं तसा, एकेक टाका, कापडाला धक्का न लावता. परत आल्यावर तिनं शेळीवरून हात फिरवला. हात एका जागी थांबला. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली, आणि पिवळा तुकडा सुयांच्या डब्यात ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन आठवड्यांनी गोधडी परत आली. सोबत चिठ्ठी: काम सफाईदार आहे, खट्याळपणा कमी वाटला. मीच ती तिला वाचून दाखवली. ऐकून म्हणाली, "चल, ताटं घे." मी चुकले, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. ह्या रविवारी म्हणू, पुढच्या रविवारी म्हणू... असं करत राहून गेलं.

आता ती गोधडी रघूअण्णानं मला दिली आहे. डब्यात तो पाय होता आणि मीच ओवलेल्या चार सुया. त्या सुयांनीच पाय परत लावायचा असं मी ठरवलं, आणि तीन सुयांचे दोरे लावण्या-उसवण्यात वाया घालवले. टाक्यांची जुनी भोकं समोर दिसतात, त्यांतूनच सुई घालते, तरी पाय चौथ्या पायाशेजारी खांबासारखा उभा राहतो. शेळी जागची हलत नाही. परवा रघूअण्णा दारात उभा राहून बघत होता.

"स्वल्प वाकडा लाव की."

"वाकडाच लावतेय अण्णा. सरळ होतोय."

"मग राहू दे." तो निघून गेला, आणि मला त्याचाही राग आला, जिला विचारता येत नाही तिचाही.

चौथ्या सुईला मी हात लावलेला नाही. पाय एका टाचणीनं वरच्या टोकाला टोचून गोधडी भिंतीला लावली आहे. खाली तो सुटाच आहे. पंखा लावला की हलतो.