पोळ्याच्या सकाळी तेलकट फोर्क

जळगावाहून निघताना माझी बायको सुनंदा मोटरसायकलवर मागे बसली, हेच मुळात नवल. गेल्या वर्षी पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचं सील (दांडीतलं तेल अडवणारी रबरी कडी) गळलं, तेल ओघळून ब्रेकच्या चकतीवर गेलं आणि वळणावर गाडी थांबायचं नाव घेईना. माझं खरचटण्यावर भागलं, तिचं मनगट मोडलं. त्यानंतर ती गाडीवर बसलीच नव्हती. केळापूरच्या देवीला जायचं तिच्या फार मनात होतं. मी दोन्ही सीलं बदलली, नवं तेल भरलं, तेव्हा कुठे ती कबूल झाली. "पण थेंब जरी दिसला तरी मी एसटीने जाईन. मग पुन्हा कधी गाडीवर बस म्हणू नका."

कारंजा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना कपाशी-सोयाबीनची हिरवळ लागली. सुनंदाने माझा खांदा असा आवळून धरला होता की बोटांचे वळ उठले असावेत. संध्याकाळी बोरी अरबला देवरावभाऊंकडे पोचलो. हे माझे नोकरीतले जुने सोबती, आता गावी शेती करतात. वहिनींनी झुणका-भाकर आणि ठेचा वाढला. ठेच्याने कानातून धूर निघाला. अंग इतकं आंबलं होतं की जेवून लगेच आडवे झालो.

सकाळी अंगणात गेलो आणि गाडीपाशी वाकून बघितलं. फोर्कच्या दोन्ही दांड्या चमकत होत्या, पिवळट ओघळ पार चकतीपर्यंत! फोर्कमध्ये पाणी शिरलं की तेल असंच गढूळ होतं. सील विकणाऱ्या दुकानदाराला मनातल्या मनात शेलक्या शिव्या घातल्या. सुनंदा उठायच्या आत काय ते बघायला हवं होतं. चोरासारखं साबणाचं पाणी आणून चकती धुतली, दांड्या पुसल्या आणि हँडल धरून गाडीचा पुढचा भाग जोर लावून दाबला. सील गळकं असेल तर दांडीवर तेलाचं कडं उमटतं. पुन्हा दाबला. दांडी कोरडी ठणठणीत.

"तेल ना?" मागे सुनंदा उभी होती. तिचा चेहरा उतरला. "एसटी केव्हा आहे?"

तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं, नाकाशी नेलं. "अहो, हे तूप आहे. आणि हळद!"

एवढ्यात देवरावभाऊ आले. "भाऊ, पुसलं कायले? काल खांदशेकणी होती ना!" पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात, ती ही खांदशेकणी. "औंदा बैल इकले. गोठा खाली. मंग म्हटलं, तुमाले दोघाले एवढ्या दुरून हिनंच खांद्यावर आनलं, तं हिचेच खांदे शेकू. आवतनबी देल्लं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

माझा जीव भांड्यात पडला. हसू की रागावू कळेना. "भाऊ, चकतीला तूप लागलं तर ब्रेक लागत नाही हो!"

"आता बैलाले कुठी चकती रायते?" ते ओशाळून म्हणाले, आणि सुनंदाला इतकं हसू फुटलं की ती ओट्यावरच बसली.

सीलं कोरडी आहेत असं मी सांगितलं, तरी माझ्या शब्दावर तिने विश्वास ठेवला नाही. स्वतः हँडल दाबलं, वाकून दोन्ही दांड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पोळा करून निघू."

संध्याकाळी वहिनींनी गाडीच्या टाकीवर पुरणपोळीचा निवद (नैवेद्य) ठेवला. देवरावभाऊंनी हेडलाइटला हात जोडले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या पुढच्या उतारावर ब्रेक चोख लागला. केळापूरला देवीचं दर्शन झालं. परतीच्या वाटेवर खांद्यावरची पकड कधी सैल झाली, मला कळलंही नाही. जळगावला दारात गाडी थांबवली, तर मागून काही हालचाल नाही. हळूच मान वळवली. माझ्या पाठीवर डोकं टेकून सुनंदा गाढ झोपली होती.