लाल पेटीतल्या रिंगा

तिवसा सोडताना दिगंबरने दुकानाला कुलूप लावलं. हा माझा मावसभाऊ. फवाऱ्यांची (पाठीवरच्या फवारणी पंपांची) इंजिनं दुरुस्त करतो. त्याने बसवलेल्या नव्या पिस्टन रिंगा भर हंगामात निकामी होत होत्या आणि जुन्याच रिंगा घालतो म्हणून गिऱ्हाइकं त्यालाच चोर म्हणत होती. रिंगा अकोल्याच्या एका कारखान्यातल्या. तो जाब विचारायला निघाला. पुण्याहून पाहुणा आलेला मी सोबत.

अमरावतीला एसटी बदलली. दोन्हीकडे कपाशी, तिच्यातून फवारे घेऊन चालणारी माणसं. मूर्तिजापूरला आलूबोंडे घेतले. तर्रीने (तिखट, तेलकट रस्सा) माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिगंबरने काहीच खाल्लं नाही.

कारखान्याच्या मालकाने आम्हाला हौसेने फिरवलं. वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) साच्यात ओतून कड्या काढतात. दोन्ही बाजूंनी घासून त्या नखाइतक्या पातळ करतात, मग एका जागी चीर देतात, म्हणजे सिलिंडरमध्ये ताणून बसतात. मी हरखून पाहत होतो. शेवटी सुनंदाबाई प्रत्येक रिंग गोल गेजमध्ये (मापाच्या कड्यात) बसवून खालच्या दिव्यावर तपासतात. कडेने उजेड दिसला, की रिंग नापास, लाल पेटीत.

"उजेड जाते तं दाबबी जाते," त्या म्हणाल्या.

"या पेटीचं पुढे काय?" मी विचारलं.

"पुन्हा वितळवतो," मालक चटकन म्हणाला. सुनंदाबाईंनी मान खाली घातली.

तेवढ्यात पॅकिंगच्या खोलीतून दिगंबरची हाक आली. मी आणि मालक तिथे गेलो, तर तशीच एक लाल पेटी अर्धी रिकामी होती. शेजारी, त्याच्या दुकानात येतात तीच निळी पाकिटं भरलेली.

"हे काहून भरून राहिले तुमी?"

"चांगला माल मोठ्या कंपनीला जातो, भाऊ. फवाऱ्याले हे चालते," मालक म्हणाला.

"चालते? लोकं मले चोर म्हणून राहिले! मी माह्याच हाताले दोष देत होतो. चाला तिवश्याले, सांगा लोकायले."

मालकाने चांगल्या रिंगांचा खोका पुढे सरकवला. "हा घे अन् विषय संपव."

दिगंबरने खोक्याला हात लावला नाही. निघताना त्याने सुनंदाबाईंना विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"होतं. सांगू कोनाले?" आणि त्यांनी पुढची रिंग गेजमध्ये बसवली.

तिवश्यात दुकानापुढे एक गिऱ्हाईक बसलं होतं. दिगंबरने त्याला सगळं सांगितलं. मीही सांगितलं, मी डोळ्यांनी पाहिलंय.

"आता कारखान्यावर ढकलतं काय? अन् साक्षीले भाऊच आनला!" पंप उचलून तो समोरच्या दुकानात गेला.

मी पुण्याला परतलो. पुढे दिगंबरने दुकान बंद केलं. आता तो मजुरीने फवारणी करतो. कारखाना चालूच आहे. त्या पातळ रिंगा बनताना पाहून मी किती हरखलो होतो, त्याचाच आता राग येतो.