मिरचीची धूळ

अडुसष्ट सालच्या फ्लूच्या साथीत मी नंदुरबारला दवाखान्यात नर्स होते. खाटा कधीच भरल्या होत्या, माणसं व्हरांड्यात सतरंजीवर. ह्या तापाचा डाव मला पाठ झाला होता. तीन दिवस अंग मोडून काढायचा, चौथ्या दिवशी उतरायचा. म्हातारी खंगून जायची. पण तरणीताठी माणसं बरं वाटलं म्हणून कामाला लागायची आणि चार दिवसांत परत यायची. मग छातीत घरघर, ओठ जांभळे, थुंकीत रक्त. त्यातली थोडीच पायी घरी गेली. नव्या पोरींना मीच दरडावायची, "थुंकी बघत जा गं, डोळे काय कपाळाला लावलेत?"

आणि माझे कुठे होते?

माझी मोठी बहीण मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान, लांबवर नुसतं लालच लाल. तिथल्या बायका बारा महिने खोकतात आणि धुळीने त्यांची थुंकीही लालसर पडते. त्याचं कुणालाच काही वाटत नाही. आक्काला ताप आला, उतरला, ती परत पथारीवर गेली. दोन दिवसांनी ड्युटीवर जाताना तिच्या दारात थांबले, तर तिने पदराचं टोक पुढे केलं. लाल डाग होता.

"मिरचीनी धूळ शे ती," मी म्हटलं. "गूळ खाय, नि कामले लाग."

"तू शिकेल शेस. तुलेच माहीत," ती म्हणाली, आणि खरंच कामाला गेली. तो पदर मी हातात घेऊनसुद्धा पाहिला नाही. माझ्या अकलेला आग लागो!

चौथ्या दिवशी सकाळी मेहुण्यांनी तिला बैलगाडीतून आणलं. नखं निळी पडली होती. पेनिसिलिन टोचलं, होतं ते ऑक्सिजनचं एकुलतं सिलिंडर लावलं. डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला.

"रक्त कधीपासून पडतंय?"

"आजपासून, साहेब," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. बहिणीकडे बघायची हिंमत नव्हती.

डॉक्टरांना ते पटलं नसावं. ते तिच्याकडे वाकले. "बाई, खरं सांगा. कधीपासून?"

तिला एका दमात दोन शब्द निघत नव्हते. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगते. सांगायलाच हवं होतं तिने.

"हां साहेब," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसती धापा टाकत राहिली. "आजच."

डॉक्टरांनी 'एक दिवस' असं लिहिलं. दुपारी ती गेली. मेहुणे दहा जणांना सांगत होते, बहीण नर्स होती म्हणून सगळं वेळेवर झालं.